अष्टागराची प्रदक्षिणा

अलिबागपासून रेवदंड्यापर्यंतचा जेमतेम १७-१८ किलोमीटरचा पट्टा आज सुट्टीचा किनारा म्हणून ओळखला जातो. शनिवारी सकाळी गाड्या येतात, रविवारी संध्याकाळी परततात. मधल्या वेळात पुळण, मासळीचे ताट आणि नारळीच्या सावलीतली खोली एवढ्यापुरतीच ही गावे पाहुण्यांना लागतात. हे पुस्तक याच किनाऱ्याविषयी आहे, पण ते वेगळी चौकशी करते. चौल, रेवदंडा, थेरोंडा, नागाव, आक्षी ही शतकानुशतके कामाची गावे होती. इथे रेशीम विणले गेले, लाखकामाच्या पेट्या घडल्या, तेलाचे घाणे फिरले, सुंभ वळले गेले, मीठ पिकले, गलबते दुरुस्त होऊन पुन्हा पाण्यात उतरली. चौलचे कापड समुद्रापार जात होते तेव्हा मुंबई म्हणजे काही बेटे आणि त्यांवरची कोळीवस्ती होती. हे सगळे काम कुठे चालायचे, कोण करायचे आणि ते कुठे गेले, हे पायी फिरून शोधायचा हा प्रयत्न आहे. फेरी सोपी आहे. वाट सपाट, बरीचशी सावलीची, आणि निघालो तिथेच परत आणून सोडणारी.

मी राहतो मेढ्याला, जावळी तालुक्यात, वेण्णेच्या काठी. इथून समुद्र गाठायचा तर आधी महाबळेश्वर चढावे लागते आणि मग आंबेनळी घाट उतरावा लागतो. तरी जावळीच्या माणसाने अष्टागरावर, म्हणजे या किनारपट्टीवर, लिहावे याला कारण आहे. आगगाडी येण्यापूर्वी आमच्या खोऱ्यात मीठ कोकणातून यायचे. महाडच्या बाजूने पार घाट चढून, वंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरच्या गोण्यांतून ते वर पोचायचे, आणि त्याच्याबरोबर सुकी मासळी आणि नारळ. १८८०च्या दशकात पुणे-मिरज लोहमार्ग झाला, मीठ वाघिणींतून उतरू लागले आणि घाटवाटा ओस पडत गेल्या. किनारा आणि घाटमाथा यांचे एकमेकांच्या कामावर चालणारे नाते तेव्हा तुटले. आजच्या पिढीला ते होते एवढेही ठाऊक नाही.

दुसरे कारण मला अधिक जवळचे आहे. १८५०च्या दशकात मुंबईत पहिली कापडगिरणी उभी राहिली आणि पुढची शंभर-सव्वाशे वर्षे सातारा आणि रत्नागिरी जिल्ह्यांनी त्या शहराला माणसे पुरवली. ज्याचे कोणी मुंबईला नाही असे घर जावळीत शोधावे लागे. कोणी साच्यावर, कोणी गोदीत, कोणी पाठीवर पोती वाहणारा माथाडी. १९८२च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यांतले अनेक जण ट्रंक घेऊन गावी परतले ते कायमचे. काम गेले की गावात काय उरते, हे आम्ही जवळून पाहिले आहे. चौलची गोष्ट वाचताना म्हणूनच मी थबकलो. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इंग्रज कंपनीच्या हाती आली, तेव्हा नव्या बंदराला कारागीर हवे होते. कंपनीने चौलच्या विणकरांना बोलावून घेतले आणि त्यांच्या वस्तीसाठी घरांची रांग बांधायला काढली. आधी चौलचा माग मुंबईला गेला आणि दोनशे वर्षांनी त्या शहराच्या मागांवर राबायला आम्ही गेलो. या दोन्ही जाण्यांचा इतिहास लिहिला गेला तो शहरात, शहराच्या बाजूने. जिथून काम निघून गेले त्या गावांच्या वाट्याला एखाद-दुसरी ओळ आली. हे पुस्तक ती बाजू लिहू पाहते.

फेरी गोल का, हे आधी सांगायला हवे, कारण पुस्तकाची सगळी मांडणी त्यावर उभी आहे. किनाऱ्याने सरळ चालत गेले तर एकच गोष्ट दिसते, वाळू. अष्टागराची जमीन मात्र किनाऱ्याला समांतर पट्ट्यांनी बनली आहे. सर्वांत बाहेर पुळण. तिच्यामागे वाळूचा उंचवटा, आणि त्यावर नारळी-पोफळीच्या वाड्या. वाळूतून मुरलेले पावसाचे पाणी तिथे उथळ विहिरींत गोडे लागते, म्हणून समुद्र हाकेवर असूनही बागायत होते. वाड्यांना चिकटून घरे आणि बाजारपेठ. त्याच्याही मागे भातखाचरे, खाजण आणि खाडीचे फाटे, आणि शेवटी डोंगराची रांग. प्रत्येक पट्ट्याचे काम वेगळे आणि करणारे हातही वेगळे. पुळणीवर कोळी, वाडीत माळी आणि भंडारी, पेठेत विणकर, तेली, वाणी, खाऱ्या जमिनीवर आगरी, डोंगरात कातकरी आणि ठाकर. गोल फिरणारा माणूस हे सगळे पट्टे दोनदा ओलांडतो, एकदा समुद्राकडून आत आणि एकदा आतून समुद्राकडे. त्याला गाव आडवे कापून पाहता येते. रेवदंड्याच्या किल्ल्यातून निघून पुळणीने थेरोंड्याकडे, तिथून वाड्यांतून चौलच्या पेठेत, रामेश्वराच्या देवळावरून दत्ताच्या डोंगराकडे, आणि खाडीच्या अंगाने पुन्हा रेवदंडा, ही या पुस्तकाची मुख्य फेरी. नागाव-आक्षीची आणि खाडीपलीकडच्या कोर्लईची अशा दोन धाकट्या फेऱ्या तिला जोडल्या आहेत.

पायी फिरून जाणून घेणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. मराठी माणसाच्या चालण्याला वारीने शिस्त दिली आणि परिक्रमेने आकार दिला. नर्मदेची परिक्रमा असो की एखाद्या क्षेत्राची पंचक्रोशी, ठिकाणाभोवती फिरून त्याला समजून घ्यायची रीत आपल्या अंगवळणी पडलेली आहे. प्रवास लिहून ठेवण्याची परंपराही रायगड जिल्ह्यातूनच सुरू होते असे म्हणायला हरकत नाही. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७च्या धामधुमीत उत्तरेत पायी फिरले, आणि त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७मध्ये छापून आला. त्यात घरखर्चाचे, रस्त्याचे, भुकेचे जे तपशील आहेत ते आजही कुठल्याही प्रवासलेखकाने समोर ठेवावेत असे आहेत. पुढे गो. नी. दांडेकरांनी गडकिल्ल्यांच्या वाटा मराठी घराघरांत पोचवल्या. त्यांच्यामुळे दोन-तीन पिढ्या सह्याद्रीत चालू लागल्या. त्या गिरिभ्रमणाचे ऋण मोठे आहे, पण त्याने आपली नजर उंचावर खिळवून ठेवली हेही खरे. गड पाहणारा माणूस गडाला लोखंड, दोर, तेल आणि मीठ पुरवणाऱ्या खालच्या गावातून रात्रीच्या अंधारात निघून जातो.

अभ्यासकांच्या वाटा वेगळ्या होत्या. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अमदानीत जेम्स कॅम्बेल यांच्या देखरेखीखाली गॅझेटिअरचे खंड तयार झाले. कुलाबा जिल्ह्याचा खंड १८८३चा, साताऱ्याचा १८८५चा. कोणत्या गावात किती माग, कोणत्या जातीचा कोणता धंदा, मिठागरे कुठे, बंदरातून काय गेले आणि काय आले, याची नोंद तिथे आहे. ती राज्यकर्त्याच्या गरजेतून झालेली नोंद आहे हे विसरू नये, पण तिच्याशिवाय आपले पान हलत नाही. त्याच्या थोडे आधी, १८७६मध्ये, गर्सन द कुन्हा या मुंबईच्या गोमंतकीय डॉक्टरांनी चौल आणि वसई यांच्या पुरातन वास्तूंवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पोर्तुगीज साधने वाचू शकणारा आणि इथल्या मातीतलाच माणूस या कामाला मिळाला हे चौलचे भाग्य. मराठीत वि. का. राजवाडे कागदपत्रांसाठी गावोगाव पायी हिंडले आणि १८९८मध्ये त्यांच्या साधनांचा पहिला खंड आला. साताऱ्यात बसून द. ब. पारसनिसांनी मराठ्यांच्या आरमारावर लिहिले, तर दा. गो. ढबू यांनी आंग्र्यांच्या घराण्याचा इतिहास सिद्ध केला. या मंडळींच्या लेखनात किनारा आला तो लढायांचा आणि तहांचा. गुराबा कोणी बांधल्या, त्यांची शिडे कोणी शिवली, हे प्रश्न बाजूला राहिले.

ते प्रश्न विचारायला शिकवले दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी. बंदरातून घाटमाथ्यावर जाणाऱ्या वाटा ते स्वतः चालले, आणि कार्ले-भाज्यासारखी लेणी व्यापारी मार्गांवर का आहेत हे त्यांनी पायाखालच्या पुराव्यावरून मांडले. देवीचे ठाणे, जुनी पाऊलवाट, दगडी हत्यार आणि आजचा बाजार या गोष्टी एकत्र वाचायची त्यांची पद्धत मला या विषयातली सर्वांत उपयोगी पद्धत वाटते. त्यांच्या आधी, १९१५मध्ये, त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाड्या’ने गावाकडे कामांच्या जाळ्यासारखे पाहिले होते. आणि आपल्या काळात मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावच्या माणसांच्या तोंडून गिरणगावचा इतिहास उभा केला. काम करणाऱ्याला विचारल्याशिवाय कामाचा इतिहास लिहू नये, हा धडा मी त्यांच्याकडून घेतला.

कामाच्या उरलेल्या खुणांवरून इतिहास वाचणाऱ्या शाखेला परदेशात औद्योगिक पुरातत्त्व म्हणतात. ब्रिटनमध्ये १९५५च्या सुमारास मायकेल रिक्स यांच्या एका लेखामुळे हे नाव रुळू लागले, १९६३मध्ये केनेथ हडसन यांचे प्रवेशपर पुस्तक आले, आणि १७७९च्या लोखंडी पुलाभोवतीच्या आयर्नब्रिज खोऱ्यात १९६७मध्ये संग्रहालयाची संस्था उभी राहिली. पुढे लोक तिथे सुट्टीत बंद कारखाने पाहायला जाऊ लागले. वेल्सच्या किनाऱ्यावर पोर्थगेन नावाचे चिमुकले बंदर आहे. तिथे खडी फोडून साठवण्याचे विटांचे प्रचंड बुरूज धक्क्याला लागून उभे आहेत. १९३१मध्ये तो उद्योग थांबला. शेजारच्या अ‍ॅबरेडीत पाटीच्या दगडाची खाण समुद्राने भरून निळे तळे झाले आहे. आज किनारवाट त्यांच्यामधून जाते आणि एका दुपारची गोल फेरी करून लोक तो सगळा इतिहास पाहून येतात.

ती फेरी आणि आपली फेरी यांत एक मूलभूत फरक आहे, आणि नव्या वाचकाने तो सुरुवातीलाच लक्षात घ्यावा. तिथले काम दगड-विटांच्या इमारतींत, वाफेच्या यंत्रांवर झाले, म्हणून धुराडी उरली. चौलचे काम पडवीत झाले. माग लाकडाचा, घाणा लाकडाचा, रहाट लाकडाचा, मांडव बांबूचा. कारागीर गेला की पुढच्या चार पावसाळ्यांत त्याचे साहित्य मातीत मिळते. त्यामुळे आपल्याला इमारती शोधून चालत नाही. विहिरीच्या काठावरचा रहाटाचा दगडी चौथरा, परसात पडलेले घाण्याचे उखळ, खाचराच्या बांधातली उघाडी, आडनाव, देवतेचे नाव, आळीचे नाव, यांतून कामापर्यंत जावे लागते. हे वाचायला शिकवणे हा या पुस्तकाचा अर्धा हेतू आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे. सर्वांत जुने आणि सर्वांत मोठे नाव चौलचे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतल्या ग्रीक लेखनात ते सेमिल्ला या नावाने येते, कान्हेरीच्या दानलेखांत चेमुला म्हणून येते, आणि अरब लेखकांकडे सैमूर होते. दहाव्या शतकाच्या आरंभी अल् मसूदी इथे आला तेव्हा शिलाहारांचे राज्य होते. परदेशी आणि इथेच जन्मलेल्या मुस्लिम व्यापाऱ्यांची मोठी वस्ती त्याने नोंदवली आहे. १४६९च्या सुमारास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि पालीच्या वाटेने जुन्नरला गेला. रेवदंड्यात त्याचे स्मारक आहे. १५०८मध्ये या बंदरासमोर पोर्तुगीज आणि इजिप्त-गुजरातचे आरमार यांची लढाई झाली आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेडा तीत पडला. पुढे १५२०च्या दशकात पोर्तुगिजांनी रेवदंड्याला किल्ला बांधला. तेव्हापासून दोन चौल झाली. समुद्रालगतचे पोर्तुगिजांचे आणि आतले निजामशाहीचे. वाचकाने ही जोडी मनात पक्की ठेवावी. किल्ला आणि चर्चचे अवशेष रेवदंड्यात आहेत, पण माग प्रामुख्याने चालत होते ते आतल्या चौलात.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस गोव्यात राहून गेलेला डच प्रवासी लिन्शोटेन लिहितो की चीनमधून कच्चे रेशीम चौलला येते, इथे त्याचे धागे होतात आणि कापड विणले जाते. रंगीत लाखकामाच्या पेट्या आणि मेजांचीही तो तारीफ करतो. थोडक्यात, चौल हे केवळ माल चढवायचे-उतरवायचे बंदर नव्हते. कच्चा माल बाहेरून आणून त्यावर काम करून तो पुन्हा बाहेर पाठवणारे ते गाव होते. रेशमाच्या कामाला पाणी फार लागते. कच्च्या धाग्यावरचा डिंक उकळून काढावा लागतो, रंग चढवावा लागतो, पुन्हा पुन्हा धुवावे लागते, आणि त्यासाठी पाणी गोडे हवे. चौलला ३६० देवळे आणि ३६० तळी होती असे लोक सांगतात. आकडा बाजूला ठेवला तरी चौलच्या आगरात चालताना एवढी तळी आणि पुष्करिण्या लागतात की मन त्या पाण्याच्या उपयोगाकडे वळतेच. डोंगरातल्या हिंगळाजदेवीचेही तसेच. हिंगळाज ही रंगारी भावसारांची आणि विणकर खत्र्यांची कुलदेवता. ती चौलच्या डोंगरात आहे यावरून मी निष्कर्ष काढत नाही, पण तिथे जाताना हे ठाऊक असावे.

डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी चौलच्या परिसरात शोध घेतला तेव्हा पश्चिम आशियातून आलेली निळसर झिलईची भांडी आणि चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे मिळाले. पावसानंतर वाड्यांच्या कडेला असे तुकडे अजून उघडे पडतात. ते पाहावेत, हात लावू नये, खिशात तर अजिबात घालू नयेत. जागेवरून हललेला तुकडा काही सांगू शकत नाही.

तेलाच्या घाण्यांची कथा मला या सगळ्यात सर्वांत हृद्य वाटते. या किनाऱ्यावरच्या बेने इस्रायल समाजाचा पिढीजात धंदा तेल गाळण्याचा. त्यांच्या परंपरेनुसार नवगावजवळ गलबत फुटून त्यांचे पूर्वज किनाऱ्याला लागले. शनिवारी ते घाणा बंद ठेवत, म्हणून शेजारी त्यांना शनिवार तेली म्हणत. महादेवाच्या वाराला बैल सोडणारे ते सोमवार तेली. धर्म वेगळा, सुट्टीचा वार वेगळा, पण घाणा, बैल आणि भाषा तीच. चौलकर, रेवदंडेकर, नवगावकर, किहीमकर, पेणकर, रोहेकर ही त्यांची आडनावे म्हणजे या किनाऱ्याचा नकाशाच. अठराव्या शतकापासून त्यांतले अनेक जण कंपनीच्या फौजेत आणि मुंबईच्या बांधकामांवर गेले. पुढे रॉकेल आले, दिव्याचे तेल संपले, गिरणीचे तेल आले आणि घाणे थांबत गेले. १९४८नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली आणि जाताना मराठी घेऊन गेली. तिथून ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघत राहिले. रेवदंड्याचे १८४२चे बेथ एल सिनेगॉग मात्र इथेच आहे. चौलचा माग मुंबईत थांबला, रेवदंड्याचा घाणेवाला आणखी पुढे गेला. काम हरवल्यावर माणूस किती लांब जातो, याचे याहून स्पष्ट उदाहरण माझ्या माहितीत नाही.

मिठाविषयी थोडक्यात. पेण-उरणच्या मिठागरांइतके मोठे काम या फेरीच्या पट्ट्यात नव्हते, पण खाजणात समुद्राला बांध घालणे, उघाडीतून भरतीचे पाणी हवे तेव्हा आत घेणे आणि नको तेव्हा अडवणे, हे कसब मीठ आणि भात दोन्हींच्या मुळाशी आहे. मिठागरात उधाणाचे पाणी मोठ्या वाफ्यांत तापवत ठेवतात, ते घट्ट होत गेले की लहान वाफ्यांत सोडतात, आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात मीठ धरते. पहिला पाऊस आला की हंगाम संपला. या खाऱ्या जमिनी माणसांनी समुद्राकडून मिळवल्या आणि खोतांनी त्या आपल्या केल्या. म्हणूनच अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी जमीन कसायची नाकारली. शेतकऱ्यांचा एवढा दीर्घ संप आपल्या इतिहासात दुर्मीळ. चरी आपल्या वाटेच्या थोडे बाहेर पडते, तरी वाचकाने वाकडी वाट करावी असे मला मनापासून वाटते.

सुंभ, शिडे, नांगरांचे लोखंड, गलबतांची डागडुजी यांचा बहर आंग्र्यांच्या काळातला. नारळाची सोडणे खाऱ्या पाण्यात कुजवून, बडवून त्यांचा काथ्या होतो. आरमार असलेल्या राज्याला त्या दोराची गरज न संपणारी. १७४०मध्ये चौल आणि कोर्लई पोर्तुगिजांच्या हातून मराठ्यांकडे आली, १८४०मध्ये आंग्र्यांचे संस्थान इंग्रजांनी खालसा केले, आणि आरमारच न उरल्यावर त्याच्यावर जगणारे धंदे हळूहळू विरले. कोर्लईत मात्र पोर्तुगीज मुळाची एक बोली आजवर टिकली आहे. किल्ल्याखालच्या ख्रिस्ती वस्तीत ती घराघरांत बोलली जाते.

अस्ताचे एकच कारण सांगता येत नाही, आणि कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. अहमदनगरचे निजामशाही राज्य बुडाले तेव्हा आतल्या चौलचा आश्रयदाता गेला. लढाया झाल्या, वेढे पडले. खाडी गाळाने भरली. मुंबईने कारागीर ओढले आणि नंतर जहाजेही ओढली. आगबोट आली, रेल्वे आली. यातले प्रत्येक कारण आपल्या गतीने, कधी पन्नास वर्षांच्या अंतराने येत गेले. मधल्या काळात लोक एक काम सोडून दुसऱ्याकडे वळत राहिले. विणकराच्या जागेवर पोफळी आली, घाण्याच्या जागेवर किराणा. म्हणून या गावांना मी मेलेली गावे म्हणत नाही. उद्योग अजून संपलेलाही नाही. रेवदंड्याच्या किल्ल्यातून खाडीपलीकडे पाहिले की साळावचा लोखंडाचा कारखाना दिसतो, १९९०च्या दशकात उभा राहिलेला. उत्तरेला थळचा खत कारखाना १९८०च्या दशकातला. जुन्या कामाची वाट चालणाऱ्याने या धुराड्यांकडे पाठ फिरवू नये. तिथे कोणाला नोकरी मिळाली, कोणाची जमीन गेली, हाही याच इतिहासाचा चालू भाग आहे.

हे पुस्तक आत्ताच का, याचे उत्तर वाड्यांतच मिळते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या नारळी-पोफळी एका दुपारी आडव्या झाल्या. पोफळ पुन्हा उत्पन्नाला यायला वर्षे लागतात, तेवढा धीर धरण्यापेक्षा अनेकांना वाडी विकणे सोपे वाटले. त्याच वर्षी मांडव्याची रो-रो सेवा सुरू झाली, जानेवारी २०२४मध्ये अटल सेतू खुला झाला, आणि रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचे काम पुढे सरकते आहे. मुंबई जवळ आली तशी जमिनीची किंमत चढली. विकत घेणाऱ्याला विहीर आणि रहाटाचा चौथरा अडचणीचा वाटतो, कारण तिथे पोहण्याचा तलाव व्हायचा असतो. विकणाऱ्यावर माझा राग नाही. गाव सोडायला लागणाऱ्या माणसांच्या तालुक्यातून मी येतो. पण जे जाणार आहे ते निदान पाहून, मोजून, विचारून, लिहून तरी ठेवावे. आक्षीच्या शिलालेखाचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. शके ९३४ म्हणजे इ.स. १०१२चा, आणि म्हणून मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक मानला जाणारा तो दगड वर्षानुवर्षे रस्त्याच्या कडेला उघड्यावर होता. मराठीच्या पहिल्या अक्षरांची ही गत, तर घाण्याच्या उखळाला कोण विचारणार?

तेव्हा पुस्तकाचा आवाका असा. हे चौलचा संपूर्ण इतिहास नाही आणि हॉटेलांची यादीही नाही. प्रत्येक फेरी मी कामाच्या अंगाने लिहिली आहे. कोणत्या वळणावर काय दिसेल, ते कोणत्या कामाचे असावे, आणि त्याविषयी कोणाशी बोलावे, या तीन गोष्टींना मी जागा दिली आहे. जिथे पुरावा लेखी आहे तिथे तसे म्हटले आहे, जिथे गावकऱ्यांच्या सांगण्यावर विसंबलो तिथे ते सांगितले आहे. देवळे आणि किल्ले वगळलेले नाहीत, पण रामेश्वराच्या कुंडांविषयी लिहिताना ती बांधणाऱ्या पाथरवटांना आणि रेवदंड्याच्या सातखणी मनोऱ्याविषयी लिहिताना चुना मळणाऱ्या मजुरांना विसरणार नाही, असे मी ठरवले होते. बायकांचे काम शोधायला सर्वांत कष्ट पडले. सूत कातणे, सुंभ वळणे, मासळी सुकवणे आणि विकणे हे बव्हंशी त्यांचेच काम, आणि कागदोपत्री त्यांचा जवळपास पत्ता नाही. ती प्रकरणे जवळजवळ सगळी बोलण्यातून उभी राहिली.

चालणाऱ्यांसाठी काही सूचना. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. मार्गशीर्षात दत्तजयंतीला चौलच्या डोंगरावर यात्रा भरते, तेव्हा गर्दी चालत असेल तरच जावे. ती यात्रा मात्र पाहण्यासारखी असते, जुन्या पेठेचे आजचे रूप तिथे दिसते. पुळणीचा टप्पा ओहोटीला करावा, त्यासाठी आदल्या दिवशी कोळीवाड्यात वेळ विचारावी, मोबाइलपेक्षा ती अधिक भरवशाची. अलिबागहून रेवदंड्याला एस.टी. भरपूर आहेत. आमच्या बाजूने येणाऱ्यांनी महाबळेश्वर, पोलादपूर, महाड, माणगाव, रोहा असे यावे आणि साळावच्या पुलावरून रेवदंड्यात उतरावे. पावसाळ्यात आंबेनळी घाटाची चौकशी करूनच निघावे. दत्ताच्या पायऱ्या सोडल्या तर चढ नाही, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना बरोबर घ्यावे. म्हाताऱ्यांना विशेषकरून, कारण घाण्याचा किंवा रहाटाचा एखादा भाग ओळखून त्याचे नाव सांगणारे तेच असतात. वाड्या खासगी आहेत. आत जाण्यापूर्वी हाक मारावी, परवानगी घ्यावी, आणि कोणी विहीर दाखवली तर तिचे माप, रहाटाच्या चौथऱ्याची दिशा आणि सांगणाऱ्याने वापरलेले शब्द वहीत टिपून घ्यावेत. पुस्तकाच्या शेवटी त्यासाठी कोरी पाने ठेवली आहेत.